कानभाऊ

"तारेवर रागावून चालत नाही, तिची समजूत काढावी लागते."

हे वाक्य मोबाइलच्या काचेवर उमटलं तेव्हा ती एका दाराशी झटत होती. दार पडद्यावरचं. एक म्हातारा ते लोटून आत येत होता आणि कच्च्या मजकुरात कुणीतरी कंसात लिहून ठेवलं होतं, 'दार वाजते'. असल्या कंसांवर तिचं पोट चालत होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी चित्रपटाच्या तळाशी आवाज लिहायचे, हे तिचं काम. आणि दार वाजते म्हणजे काय? दार करकरतं, खडखडतं, थडथडतं, धाडकन आपटतं, कधी नुसतंच हुं करून गप्प बसतं. बहिऱ्या माणसाला 'वाजते' सांगणं म्हणजे भुकेल्याला 'जेवण आहे' म्हणून ताट झाकून ठेवणं. तिने 'कुरकुरते' लिहिलं होतं, आणि खोडलं होतं, कारण ते लाकूड पावसात फुगलेलं होतं आणि फुगलेलं लाकूड कुरकुरत नाही, कण्हतं. तेवढ्यात हे वाक्य आलं. तिचा हात आपसूक डाव्या कानावर गेला. शेजारच्या टेबलावरच्या ध्वनीवाल्याने, ज्याला सगळं ऑफिस भोंगा म्हणायचं, हेडफोन गळ्यात उतरवले.

"काय गं, भूतबीत पाहिलंस की काय?"

"ऐकलं," ती म्हणाली.

"मग लिही की कंसात!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खदखदून हसला.

ते वाक्य आलं होतं 'कानातले' या गटावर. नावाला भुलून अधूनमधून एखादी बाई झुमक्यांची किंमत विचारत आत यायची, आणि मग सगळे मिळून तिची गंमत करायचे. पण हे झुमकेवाले नव्हते. ज्यांच्या कानात बाहेर नसलेला आवाज दिवसरात्र वाजत असतो अशा माणसांचा तो गट. डॉक्टरांनी हात टेकलेली, घरच्यांनी 'लक्ष देऊ नकोस' म्हणून सोडून दिलेली माणसं. इथे खऱ्या नावाने कुणी वावरत नसे. ज्याचा जो आवाज, तेच त्याचं नाव. बस चालवणारा एकजण गिरणी होता, निवृत्त मुख्याध्यापिका होती ती शिट्टी, एक नवी सून होती ती फ्रीज, एक कॉलेजातला रातकिडा. सकाळी हजेरी लागायची: 'गिरणी चालू.' 'शिट्टी हजर, आज दोन पट्ट्या वर.' नवा माणूस आला की तो नुसता 'नवा' असायचा, आणि आपल्या आवाजाला नेमका शब्द सापडेपर्यंत नवाच राहायचा. 'कानात आवाज येतो' एवढ्यावर तिथे कुणी दार उघडत नसे. कसा येतो? घूं की गूं? सलग की तुटक? धातूचा की पाण्याचा? शब्द सापडला की निम्मं दुखणं उतरतं, हा त्या गटाचा अनुभव होता. बिननावाचा आवाज चोरासारखा घरात फिरतो, नाव दिलं की तो निदान पाहुणा होतो. आणि नाव द्यायचं काम गेली काही वर्षं तिच्याकडे आलं होतं. गटात ती तार होती. कुणी तारताई म्हणत. तिचा शब्द शेवटचा. आजवर तिने कुणाला खोटा शब्द दिला नव्हता. कुणाला बरं वाटावं म्हणून नाही, कुणी रडला म्हणूनही नाही. फ्रीज तीन आठवडे भुणभुण, गुणगुण करत हिंडली, पण हिने तिला शब्दापाशी आणूनच सोडलं, आणि त्या दिवशी ती सून म्हणे आरशासमोर उभी राहून हसली होती.

ते वाक्य एका नव्याचं होतं. त्याने पुढे लिहिलं होतं, 'आयुष्यभर पियानो लावले. आता कानात काहीतरी होतं. सारखं होतं. काम सुटलं. तारेवर रागावून चालत नाही, तिची समजूत काढावी लागते, असं मी नेहमी म्हणायचो. पण ही तार समजूत ऐकत नाही.' आणि जगात दुसऱ्या कुणी हे वाक्य अशा चालीवर, शेवटी जरा उतरत, लिहिलं नसतं. तो तिचा मामा होता.

बाप गेल्यावर आई तिला घेऊन भावाच्या दारात आली तेव्हा ती परकरातून नुकती बाहेर पडली होती. मामाच्या पुढच्या खोलीत नेहमी एखादा उघडलेला पियानो असायचा, पोट फाडलेल्या मोठ्या प्राण्यासारखा, आणि आत तारांची ती दाट, तेलकट, थंड रांग. मामा तिचं डोकं धरून लाकडावर टेकवायचा. "कान लाव. ऐक. काय म्हणते ती?" आणि ती सांगायची. चिडलीये. झोपलीये. रुसलीये, पण येईल. मामा हसायचा, खुंटीवर किल्ली बसवायचा आणि एवढीशी फिरवायचा, जणू ताप आलेल्या लेकराची कूस बदलतोय. माणसाशी बोलताना त्याचा आवाज खरबरीत होता, तारेशी बोलताना मऊ. तिला तेव्हा वाटायचं, आपण तार असतो तर. तिचे कान तयार होत होते. पाखराचं पिल्लू पंख झटकून बघतं तसे ती ते रस्त्यावर, स्वयंपाकघरात, पावसात झटकून बघायची. पातेल्याचा सूर ओळखायची, शेजारणीच्या बांगड्यांचा ओळखायची. आई म्हणायची, "भावाचं हे एक देणं बरं पडलं पदरात."

मग ते सभागृह. लाल खुर्च्या, रिकाम्या. संध्याकाळी वाजवणारी बाई आधी येऊन उभी, हातमोजे काढत. "झालं ना नीट?" तिने विचारलं. "एकदम फर्स्ट क्लास," मामा म्हणाला. आणि ही, कुणी विचारलेलं नसताना, अंगात नवा शब्द मावत नाही अशा वयात, म्हणाली, "वरच्या सा च्या तीन तारांपैकी मधली उतरलीये. फार नाही. केसभर." त्या बाईने सूर दाबून पाहिला, मान कलती केली आणि हसली. "पोरीचे कान बघा हो!" मामाही हसला. त्याने ती तार पुन्हा लावली. बाई कपडे बदलायला आत गेली. मामाने किल्ली फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली, आणि मग वळला. सभागृह चांगलं बांधलेलं होतं. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आला. ती दोन खुर्च्यांच्या मध्ये जमिनीवर होती आणि वरून, कुठूनतरी फार उंचावरून, मामा म्हणत होता, "शब्द फार झालेत तुला." त्याने तिला उठवलं नाही. पेटी उचलली आणि चालू लागला. उजव्या कानाने तिला त्याची पावलं ऐकू आली. डाव्या कानात एक तार सुरू झाली होती: बारीक, ताणलेली, तुटायच्या एक क्षण आधीची, आणि तो एक क्षण त्यानंतर कधी संपलाच नाही.

डॉक्टरांपुढे आई म्हणाली, "पडली." आणि खोटं तरी काय होतं त्यात? ती पडलीच होती. त्या दिवशी तिला कळलं की खऱ्या शब्दाखालीसुद्धा अख्खं माणूस पुरता येतं. पियानो सुटला, कारण दोन कानांना दोन वेगळे सूर ऐकू येऊ लागले. मामा म्हणायचा, "नाटकं. काम नको म्हणून." मग त्या दोघी वेगळ्या खोलीत राहायला गेल्या, ती शिकली, शब्दांकडे वळली, कारण ऐकलेलं आता हातात धरून ठेवल्याशिवाय तिचा विश्वास बसत नव्हता. आणि इतकी वर्षं, भांडी घासताना, जिने चढताना, केस विंचरताना ती मामासाठी एक शब्द शोधत राहिली. शिव्या सगळ्या लावून पाहिल्या. राक्षस म्हणावं तर तो तारेला फुंकर घालायचा. नीच म्हणावं तर त्याने तिला आणि आईला भाकरी घातली होती. कुठलाच शब्द अंगाला बसेना. रागाला शब्द नसला की तो फुगलेल्या लाकडासारखा चौकटीत अडकून बसतो. ना उघडतो, ना मिटतो.

संध्याकाळी घरी आई शेंगा सोलत बसली होती. न विचारता म्हणाली, "मामाचा फोन होता. कान वाजतात म्हणे हल्ली. काही सुचत नाही बिचाऱ्याला."

"बिचाऱ्याला," ती म्हणाली.

"म्हातारा झाला गं. किती दिवस धरून ठेवशील? रक्ताचा मामा आहे."

"रक्त आलं नव्हतं तेव्हा. तेच वाईट झालं. आलं असतं तर तुला दिसलं असतं."

आई सालं एका बाजूला, दाणे एका बाजूला करत राहिली. तिला एक सवय होती, गप्प बसायचं झालं की ती ओठांतल्या ओठांत जुनं काहीबाही गुणगुणायची: बोलू नये बाई, बोलाचा काटा होतो, कानात रुततो, पायात शोधतो. लेक ऐकत उभी राहिली आणि तिला वाटलं, आपल्या घरात बायकांना गाणी दिली ती गप्प बसवायलाच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गट तिची वाट बघत होता. 'तारताई, नव्याला नाव द्या.' 'ताई, म्हातारबाबा रांगेत आहेत.' तिने डबा बाजूला सारला आणि विचारायला सुरुवात केली. आवाज सलग आहे की थांबतो? 'सलग.' जाड की बारीक? 'बारीक. म्हणजे, त्रासदायक.' त्रासदायक हा आवाजाचा गुण नाही, तो तुमचा आहे, तिने लिहिलं. आवाजाबद्दल बोला. गिरणीने टाळ्यांचं चित्र टाकलं. 'सुईसारखा,' नव्याने लिहिलं. सुई टोचते, वाजत नाही. 'शिट्टीसारखा.' शिट्टी मध्ये पडली: 'ओ, आमचं आडनाव लावू नका, आमच्यात हवा असते. तुमच्यात हवा आहे का?' 'नाही. हवा नाही. ताण आहे.' तिची बोटं थांबली. पुढचं तिला माहीत होतं. तो लिहील, ओढलेलं काहीतरी. तो लिहील, आता तुटेल असं वाटतं पण तुटत नाही. आणि त्याने तेच लिहिलं, जवळजवळ तिच्याच शब्दांत, आणि पुढे म्हणाला, 'डाव्या बाजूला.'

ऑफिसच्या खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिच्या कानातली तार आणि त्या म्हाताऱ्याच्या कानातली तार, एकाच पियानोतल्या दोन शेजारणी. शब्द ठरलेला होता. आणि तिथेच गोम होती. गटाची रीत अशी, की दोघांचा आवाज एक निघाला तर जुन्याने नव्याला म्हणायचं, 'ये, माझ्या शेजारी बस,' आणि त्या दिवसापासून ते दोघं कानभाऊ, कानबहीण. दोन रातकिड्यांचं असंच झालं होतं. एक आजारी पडला तर दुसरा समुद्र ओलांडून भेटून आला. कानभावाला रोज विचारायचं, झोप लागली का. कानभावाचं दुखणं आपलं मानायचं. तिने खरा शब्द दिला असता तर मामा तिच्या शेजारी येऊन बसला असता, रोज सकाळी, तिच्याच नावाचा अर्धा भाग पांघरून. आणि खोटा शब्द तिने कधी दिला नव्हता. ती काचेकडे बघत राहिली. अंगात काहीतरी गार आणि गोड पसरत होतं. इतक्या वर्षांनी तो तिच्यासमोर कान पुढे करून उभा होता, 'ऐक आणि सांग' म्हणत.

तिने लिहिलं, अजून सापडत नाही. कधीपासून आहे, आधी घरात कुणाला होतं का?

बराच वेळ 'नवा लिहीत आहे' एवढंच दिसत राहिलं. मग आलं: 'माझी एक भाची होती. म्हणजे आहे. तिला मी एकदा टपली मारली होती. ती म्हणायची कानात वाजतं. मी नाटक म्हणायचो. आता वाटतं, तिला असंच होत असेल का. ती बोलत नाही माझ्याशी. बोलत असती तर तिलाच विचारलं असतं.'

टपली. भोंगा कुणालातरी मोठ्याने हाक मारत होता, चहा सांडल्याचा गलका होता, आणि तिला त्यातलं काही ऐकू येईना. टपली! टपली आजोबा मारतात, हसत, बोटांच्या टोकांनी, डोक्यावर. मूल पळून जाऊन परत येतं, पुन्हा मारा म्हणत. तिचा कान, तिचा पियानो, तिचं सगळं त्याने त्या एका शब्दात बसवलं होतं, पेटीत किल्ली बसवावी तसं, फडक्यात गुंडाळून. आणि कडीही लावली होती.

'टपली डोक्यावर मारतात,' तिने लिहिलं. 'तुम्ही कुठे मारली?'

'कानाच्या बाजूला असेल. चापट म्हणा.'

'चापट पाठीवर, मांडीवर. चापटीने मूल दचकतं. ती दचकली का?'

'पडली.'

'मग चापट नव्हे.'

'थप्पड.'

'थप्पड गालावर बसते. तिचा गाल सुजला होता?'

शिट्टीने लिहिलं, 'तारे, हे कान तपासणं आहे की कान धरणं?' गिरणी म्हणाला, 'ताई, म्हातारं माणूस आहे, जरा दमानं.' फ्रीजने नुसतेच दोन जोडलेले हात टाकले. तिने कुणालाच उत्तर दिलं नाही. तिची बोटं कधी नव्हती इतकी स्थिर होती. तिने लिहिलं, 'इथे प्रत्येकाने आपला शब्द शोधला आहे. कारण नीट सांगितल्याशिवाय आवाज सापडत नाही. हात उघडा होता की मिटलेला? किती जोर होता? मारल्यावर तिला उठवलंत का? आणि तो मारल्याचा आवाज. मी कंसात लिहिते तसा लिहा. ज्याने ऐकला नाही त्याला ऐकू गेला पाहिजे.'

दोन दिवस नवा काही बोलला नाही. त्या दोन दिवसांत तिने एक प्रणयकथा संपवली, त्यात चुंबनाला काय लिहायचं यावर भोंग्याशी वाद घातला आणि जिंकला, आईच्या गुडघ्याला शेक दिला. शिट्टीने खाजगीत विचारलं, 'तू यांना ओळखतेस का?' ते तिने वाचलं आणि तसंच ठेवलं. तिला भीती एकच होती, की तो निघून जाईल. भुकेल्यासारखी ती दर थोड्या वेळाने बघायची. तिला त्याची कीव येते का, हेही तिने तपासून पाहिलं, जिभेने दुखरा दात चाचपावा तसं. नव्हती येत. जे होतं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता, आणि पहिल्यांदाच तिला तो शोधावासा वाटला नाही.

रविवारी सकाळी, आई भाजी निवडत असताना, ते आलं. 'कानफटात मारली. हात उघडा होता. होता नव्हता तेवढा जोर. राग तिच्यावर नव्हता, ती खरं बोलली याचा होता. ती खुर्च्यांमध्ये पडली. उठवली नाही. आवाज असा: उघड्या हाताचा, कोरडा, एकच, रिकाम्या जागेत लांब जाऊन परत येणारा. तो परत आला तेव्हा मी पाठ फिरवली होती. तारेची समजूत काढायचो, पोरीची नाही काढली. मला आता नाव द्या. मी थकलोय.'

तिने ते वाचलं. एकही शब्द हलवायची गरज नव्हती. तिला स्वतःला इतकं नेमकं लिहिता आलं नसतं. गटावर सगळे तिच्याकडे बघत असावेत असं वाटत होतं, त्या रिकाम्या लाल खुर्च्यांसारखे. 'ये, माझ्या शेजारी बस' हे चार शब्दांचं जे काय होतं ते तिच्या बोटांच्या टोकाशी आलं होतं, हे नाकारून चालणार नाही. आई म्हणाली, "कोण गं? एवढं काय वाचतेस?" ती म्हणाली, "कामाचं." आणि मग तिने, ज्या हाताने आजवर एकही खोटा शब्द लिहिला नव्हता त्या हाताने, लिहिलं:

'सापडला. तुमच्या कानात तार नाही. तुम्ही आत्ता जो आवाज लिहिलात, तोच वाजतोय. जाऊन परत येणारा. नीट ऐका. तुमचं नाव कानफट.'

रातकिड्याने लिहिलं, 'तारताईचा शब्द शेवटचा.' गिरणीने, वातावरण हलकं व्हावं म्हणून असेल, लिहिलं, 'एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं हो काका! या, बसा.' आणि एकेकजण स्वागताला आला. शिट्टी आली नाही. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याचं उत्तर आलं. 'मला तर तो बारीक, सलग वाटत होता. पण तुम्ही म्हणता तर ऐकतो. तुम्हाला कळतं.'

सोमवारी हजेरी लागली. गिरणी चालू. फ्रीज आज कमी. रातकिडे दोन्ही हजर. शिट्टी, नुसतीच शिट्टी, पुढे काही नाही. आणि सगळ्यांत शेवटी: 'कानफट हजर.' फ्रीज मनाने भोळी. तिने रीतीप्रमाणे विचारलं, 'काका, नाव मिळाल्यावर झोप लागली ना?'

इकडे ऑफिसात तारताईने टेबलाची कड धरली होती.

'नाही,' म्हाताऱ्याने लिहिलं. 'पण ताईंचं बरोबर निघालं. आता मलाही तसाच ऐकू येतो. आधी तो सतत असायचा, त्याची सवय होत होती. आता मध्येच बंद पडतो. एकदम शांत. आणि मग मी मान खाली घालून, पुढचा कधी बसेल याची वाट बघत बसतो.'

तिने ते दोनदा वाचलं. मग खाली लिहिलं, 'असंच असतं,' आणि मोबाइल उपडा ठेवला.